धाब्याच्या घरात एक तरी खोली भक्कम करायचीय, फायबर काँक्रीट घ्यावं का फेरोसिमेंट (जाळीवर लिंपलेलं सिमेंट)?

वसमतकडचा
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढायलोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. आमचं गाव वसमत तालुक्यात, पांगरा शिंदेच्या जवळपासच. जमिनीतून गूढ आवाज येणं आमच्याकडं कित्येक वर्षांचं झालंय, लोकांना सवय झाली होती, पण २०२४ साली २१ मार्चला आणि परत १० जुलैला सकाळी सकाळी जे ४.५ चे धक्के बसले त्यानं सवय मोडली. मांडणीवरची भांडी खाली आली, देवघराच्या भिंतीला बोट जाईल एवढी चीर पडली. आजी तेव्हापासून घरात झोपत नाही, अंगणात बाज टाकती, पाऊस आला की गोठ्याच्या पत्र्याखाली जाऊन बसती.

घर पणजोबाच्या काळातलं, दगड-मातीचं, भिंती दोन हात रुंद, वर धाबं, म्हणजे तुळयांवर मातीचं सपाट छत. दरवर्षी पावसाळ्याआधी पांढरी माती टाकून टाकून वर दीड फूट माती झालीय. सगळं पाडून नवीन बांधायचं बजेट नाही, सोयाबीनचे भाव तुम्हाला माहितीच आहेत. म्हणून एक दहा बाय बाराची खोली तरी अशी करायची की काही झालं तर आत माणसं वाचतील. मागच्या आठवड्यात एक जण आला, तयार पॅनेल विकतो, म्हणला यात स्टीलचं फायबर आहे, बंकरला हेच वापरतात, ८० एमपीए ताकद आहे म्हणजे साध्या स्लॅबच्या चौपट, भिंतीला आतून लावून घ्या आणि निवांत झोपा. भाव ऐकून मी गप बसलो. हे खरं असतं का? कुणी वापरलंय का?

सिव्हिल_लातूर
भाऊ, आधी ऐकून घ्या, पैसे अजून देऊ नका. मी वीस वर्षं स्ट्रक्चरल डिझाईन करतो, त्यातली बरीच वर्षं जुन्या घरांना मजबुती देण्यात गेली.

८० एमपीए म्हणजे दाबून धरल्यावर किती सोसतं तो आकडा. तो खोटा नसेलही. पण मार सोसायला नुसता दाबाचा आकडा कामाचा नाही. काँक्रीट जितकं कडक करत जाल तितकं ते ठिसूळ होत जातं, चांगलं सोसतं सोसतं आणि एकदम फुटतं. ओढलं तर त्याची ताकद दाबाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढीच असते. आपल्याला पाहिजे चिवटपणा, म्हणजे चीर पडल्यावरसुद्धा तुकडे सुटू नयेत आणि तुटता तुटता त्यानं मार पिऊन टाकावा. फायबर त्याच्यासाठीच असतं. स्टीलचा बारीक तुकडा, ३० ते ६० मिलिमीटर लांब, दोन्ही टोकं वाकवलेली. चीर पडली की तो चिरेच्या अलीकडं-पलीकडं दोन्ही बाजू धरून ठेवतो, मग वाकवलेलं टोक सरळ होत होत हळूहळू बाहेर ओढलं जातं आणि त्या ओढाताणीत धक्क्याची ऊर्जा जिरते. म्हणजे चांगल्या मिक्समध्ये फायबर तटकन तुटायला नको, चिवटपणे निसटायला पाहिजे. ६० मिलिमीटर लांब आणि पाऊण मिलिमीटर जाडीचं फायबर घेतलं तर एका किलोत जवळपास ४८०० तुकडे बसतात, आणि फरशीच्या कामात घनमीटरला २० ते ४० किलो टाकतात, यावरून अंदाज करा एका स्लॅबमध्ये किती हात एकमेकाला धरून उभे असतात.

ही आयडिया तुमच्या पणजोबाला माहीत होती. भिंत लिंपायच्या मातीत गव्हाचा भुसा कालवून चार दिवस कुजवत ठेवायचे ना? भुसा नसलेली माती वाळली की भेगाळून पोपडे पडतात, भुशाची माती चिरली तरी धरून राहते. तेच हे.

पण माझा त्या पॅनेलवाल्याला एकच प्रश्न आहे. पॅनेल कितीही भारी असू द्या, ते धरलंय कशाला? मातीत रचलेल्या दगडाला. भिंत गेली की पॅनेल बरोबर जाणार. आणि वर जी माती आहे तिचं काय? दहा बाय बारा म्हणजे सव्वाअकरा चौरस मीटरला थोडं कमी, दीड फूट माती, घनमीटरला १६०० किलो धरली तरी तुमच्या एका खोलीवर ८ टन बसलेत. त्याच्याखाली आजीला झोपवायचं का, हा पहिला प्रश्न.

दगडफोड्याचा_लेक
सर बरोबर बोललात, मी शिकलेला नाही जास्त पण एक गोष्ट सांगतो. माझे वडील वडारकाम करायचे, काळा पाषाण फोडायचे, मी लहानपणी सुतकी घेऊन बरोबर जायचो. वडील घण घालायच्या आधी दगडावर टिचकी मारल्यासारखं हातोडीनं वाजवून बघायचे, खणखणीत वाजला तर दगड अखंड आहे, बद्द वाजला तर आत भेग आहे. आणि आम्हाला कायम म्हणायचे, पाटासारखा पातळ दगड असला तर त्याच्या मागं उभं राहायचं नाही, घण इकडून बसतो आणि खपली तिकडून उडती. मला तेव्हा कळायचं नाही मार इकडं आणि फुटतंय तिकडं हे कसं काय. काँक्रीटच्या भिंतीलाबी असंच होतं का?

सिव्हिल_लातूर
दादा, तुमच्या वडिलांनी जे सांगितलं त्याच्यावर संरक्षक भिंतीचं अर्धं डिझाईन उभं आहे. मनापासून सांगतो, मला कॉलेजात हे समजायला सहा महिने लागले.

मार बसला की दगडातून दाबाची लाट पुढं जाते. पलीकडच्या तोंडाला पोचली की पुढं हवा आहे, जायला जागा नाही, मग ती उलटून परत फिरते आणि परत फिरताना ती दाबाची राहत नाही, ताणाची होते. दगड काय आणि काँक्रीट काय, दाब सोसतात, ताण सोसत नाहीत. म्हणून मागची खपली निघते. बंकर असो नाहीतर घाटातल्या रस्त्यावर दरड झेलायला बांधलेलं छत, समोरून छिद्र पडलं नाही तरी आतल्या बाजूनं उडालेला काँक्रीटचा तुकडा माणूस मारू शकतो. त्यामुळं आतल्या तोंडाला, म्हणजे आपल्या खोलीच्या बाबतीत स्लॅबच्या खालच्या अंगाला, जाळी आणि सळई नीट पाहिजे आणि फायबरचा खरा उपयोग तिथं आहे. पत्र्याचं अस्तर लावतात ते पण याच कारणासाठी.

आता हिशोब करू. धक्क्यात शेजारच्या उंच भिंतीतला २० किलोचा दगड ३ मीटरवरून खोलीच्या स्लॅबवर पडला समजा. त्याची ऊर्जा झाली ५९० ज्यूलच्या आसपास. तो दगड स्लॅबवर १ मिलिमीटरमध्ये थांबला तर सरासरी जोर येतो ६० टनाचा. तोच दगड वाळूच्या थरात १० सेंटिमीटर रुतून थांबला तर जोर येतो ६०० किलोचा. दगड तोच, उंची तीच, नुसतं थांबायला जागा मिळाली. डोंगरातल्या रस्त्यावर दरडीपासून वाचवायला जे छत करतात त्याच्यावर वाळू-मुरमाचा थर म्हणूनच टाकलेला असतो. सगळी करामत मार पुढं कसा न्यायचा नाही, वाटेत कसा जिरवायचा यातच आहे.

एम_टेक_नांदेड
सरांच्या पोस्टला धरून. आमच्या लॅबमध्ये ड्रॉप वेट टेस्ट करतो ती सांगते, कारण बघितल्याशिवाय फरक कळत नाही. १५० मिलिमीटर व्यासाची आणि ६३.५ मिलिमीटर जाडीची काँक्रीटची चकती घ्यायची, तिच्यावर पोलादी गोळा ठेवायचा आणि त्या गोळ्यावर ४.५४ किलोचा घण ४५७ मिलिमीटर उंचीवरून परत परत टाकायचा. एका ठोक्याला २० ज्यूल. म्हणजे सरांनी सांगितलेला तो दगड म्हणजे एकदम २९ ठोके.

साध्या चकतीला पहिली चीर दिसली की मग वाट बघावी लागत नाही, अजून एक-दोन ठोक्यांत तीन तुकडे होऊन बाजूला पडतात आणि लॅबभर खडी. स्टील फायबरवाल्या चकतीला चीर पडते, आम्ही मार्करनं खूण करतो, आणि मग घण पडत राहतो पडत राहतो, चीर केसाएवढीची सुतळीएवढी होते, तिच्यात वाकलेली फायबरं चमकताना दिसतात, तरी चकती एकसंध. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मोजायचं विसरून गेले होते, सगळं सॅम्पल परत करावं लागलं.

पण एक सांगते, मिक्सिंग चुकलं तर सगळं वाया. फायबर एकदम ओतलं की गोळे होतात, साळुंकीच्या घरट्यासारखे, आणि त्या गोळ्यात सिमेंट जात नाही, तिथं पोकळ राहतं. खडी-वाळू-सिमेंट फिरायला लागल्यावर मूठमूठ पसरत टाकायचं. फायबर काँक्रीटच्या आकारमानाच्या दीड टक्क्याच्या वर गेलं की साध्या मिक्सरवर जमत नाही.

अजून भारी मटेरिअल्स आहेत. यूएचपीसी म्हणून अतिउच्च ताकदीचं काँक्रीट आहे, १५० एमपीएच्या वर, त्यात खडीच नसते, सिलिका फ्यूम नावाची अतिबारीक भुकटी आणि बारीक क्वार्ट्झ, पाणी अगदी कमी आणि साधारण २ टक्के फायबर. मिशिगन विद्यापीठात व्हिक्टर ली यांनी ईसीसी नावाचं वाकणारं काँक्रीट केलं, पीव्हीए या प्लॅस्टिकच्या फायबरचं, ते ओढलं तर ३ ते ५ टक्के लांब होतं, एका मोठ्या चिरेच्या जागी केसापेक्षा बारीक शेकडो चिरा पडतात. साधं काँक्रीट ०.०१ टक्क्यालाच जातं. पण हे गावात घमेल्यात कालवायचं काम नाही.

तेरणाकाठ
मी उमरगा भागातला. फार दिवस वाचत होतो, आज लिहितो.

किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. मी नऊ वर्षांचा. आमचा वाडा गावात सगळ्यात मजबूत म्हणायचे, भिंत एवढी रुंद की खिडकीत बसून अभ्यास करायचो मी. ती भिंत दोन पदराची होती, बाहेर एक दगडाचा थर, आत एक, आणि मध्ये गोटे-माती. वरून बघितलं तर एकच भिंत. हादरा बसल्यावर दोन्ही पदर फाकले, एक बाहेर गेला, एक आत आला, आणि वरची माती सरळ खाली. सगळ्यात जास्त माणसं दगडानं गेली असं लोकांना वाटतं. आमच्या घरात वडलांना एक खरचटा पण नव्हता. तोंडात नाकात माती होती. मला काढलं ते लाकडी खांबाच्या आणि कणगीच्या मध्ये फट राहिली होती म्हणून.

रुंद भिंत म्हणजे मजबूत भिंत हे आमच्या भागानं फार महागात शिकलं. आणि त्यावेळी आमचा भाग भूकंपाच्या नकाशावर झोन एकमध्ये होता, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा. म्हणून वसमतच्या भावाला हात जोडून सांगतो, पॅनेल नंतर बघा, आधी वरची माती उतरवा. आज उतरवा. आणि भिंतीचे दोन पदर एकमेकाला बांधा. आमच्याकडं भूकंपानंतर वाचलेल्या घरांना हे काम झालं, साधारण मीटर-मीटर अंतरावर भिंतीतला एखादा दगड हलक्या हातानं काढायचा, पहारीनं ठोकायचं नाही, सळईनं उकरत उकरत आरपार भोक पाडायचं, दोन्ही तोंडाला रुंद आणि मध्ये अरुंद, डमरूसारखं. त्यात दोन्ही टोकांना आकडा वाकवलेली ८ मिलिमीटरची सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. एवढ्यानं दोन पदर एक होतात. लाकडी खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरपे टेकू मारायचे. याला बंकरचं मटेरिअल लागत नाही.

वसमतकडचा
दादा, वाचून हात थांबले. काय लिहावं कळत नाही. उद्या सकाळीच माणसं लावून माती उतरवतो.

सिव्हिल_लातूर
तेरणाकाठ, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं काम केलंत.

भाऊ, माती उतरवताना खोली रिकामी ठेवा, एका कडेनं खणत जाऊ नका, सगळीकडून थोडी थोडी समान कमी करा. वर पाणी गळू नये म्हणून पातळ थर आणि त्याच्यावर कागद ठेवला तरी चालतंय. आणि आवारात जागा असेल तर जुन्या भिंतीत अडकू नका, एक छोटी नवीन खोली सुटी बांधा, जुन्या उंच भिंतीपासून लांब. विटा सिमेंटमध्ये, जोत्याला, दारा-खिडक्यांच्या वर लिंटलला आणि स्लॅबच्या खाली असा सगळीकडून फिरणारा काँक्रीटचा पट्टा, चारी कोपऱ्यात आणि दाराच्या बाजूला उभी सळई पायापासून स्लॅबपर्यंत. हे सगळं आयएस ४३२६ या भारतीय मानकात सविस्तर दिलंय. जमीन काळी असेल तर पाया मुरमापर्यंत न्या, नाहीतर भूकंपाच्या आधी उन्हाळाच भिंत चिरून टाकेल.

थापी_ओळंबा
राम राम. मी मिस्त्री आहे, परभणी जिल्ह्यात ३० वर्षं काम करतो. फेरोसिमेंटचा प्रश्न धाग्याच्या नावात आहे आणि कुणी बोलंना म्हणून लिहितो.

गोबरगॅसच्या टाक्या, पाण्याच्या टाक्या, धान्याच्या कोठ्या मी फेरोसिमेंटच्या केल्यात. वेल्डमेश म्हणजे जाड तारेची वेल्ड केलेली जाळी, त्याच्या दोन्ही अंगाला कोंबडी जाळीचे दोन-दोन पदर, बायंडिंग तारेनं टिच्चून बांधायचं, मग एकास दोन मसाला हातानं दाबून भरायचा, जाडी इंचभर. माझ्या एका टाकीला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा कोपरा लागला, खड्डा पडला, चिरा कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक पडल्या पण गळाली फक्त दोन ठिकाणी, मसाला ठोकून परत भरला, अजून वापरात आहे. विटेची असती तर भगदाड पडलं असतं.

पण तीन गोष्टी. पाणी मोजून टाकायचं, पोत्याला २० लिटर, वाळू ओली असली तर अजून कमी. पातळ केला की थापायला मजा येती पण आत जाळी गंजती कारण वर कव्हर म्हणून दोन-तीन सूतच मसाला असतो. जाळी जस्ताचा मुलामा दिलेली घ्यायची. दुसरं, बोअरचं पाणी मचूळ असलं तर ते कालवायला घेऊ नका. तिसरं म्हणजे पाणी मारणं. मराठवाड्यात इथंच सगळे मार खातात. एप्रिलमध्ये टँकरनं पाणी घ्यायचं, घरात प्यायला नाही आणि मिस्त्री म्हणतो भिंतीला मारा, मालकाच्या जीवावर येतं, मला कळतं ते. म्हणून मी असलं काम दिवाळीनंतर धरतो, ओली पोती गुंडाळायची, वरून प्लास्टिक, म्हणजे कमी पाण्यात भागतं.

एम_टेक_नांदेड
काकांच्या मुद्द्याला आकडे जोडते. आयएस ४५६ प्रमाणे सळई असलेल्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराईड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत पाहिजे, तालुक्याच्या लॅबमध्ये तपासून मिळतं. आणि क्युरिंग साध्या सिमेंटला निदान ७ दिवस, राख मिसळलेल्या सिमेंटला निदान १०, गरम कोरड्या हवेत साध्या सिमेंटलाही निदान १०, आणि राखेच्या सिमेंटला १४ पर्यंत वाढवावं असं सुचवलंय. परळीच्या केंद्रासारख्या ठिकाणची राख सिमेंटमध्ये जाते ती वाईट नसते उलट काँक्रीट घट्ट होतं, फक्त तिला वेळ आणि ओल जास्त लागते.

फेरोसिमेंट जुनं आहे, फ्रान्समध्ये लाम्बो नावाच्या माणसानं १८४८ साली तारेच्या जाळीवर सिमेंट लिंपून नाव केली होती. पुढं १९४० च्या दशकात इटलीच्या नेर्वी यांनी दाखवलं की बारीक जाळीचे बरेच पदर असले की मसाला आघात फार चांगला सोसतो, आणि त्यांनी त्याचं जहाज पण बांधलं.

काळीभोर_जमीन
एक विचारू का, आपल्याकडं पायाखाली सगळा बेसॉल्ट, म्हणजे काळा पाषाण आहे. बेसॉल्टचं फायबर निघतं असं ऐकलं, मग आपल्याच दगडाचं फायबर आपल्याच स्लॅबमध्ये का नाही वापरत?

सिव्हिल_लातूर
निघतं. दगड १४०० ते १५०० अंशाला वितळवून बारीक छिद्रातून धागा ओढतात. पण प्रत्येक खाणीचा दगड चालत नाही, रसायन जुळावं लागतं, आणि सिमेंटच्या अल्कलीत तो धागा वर्षानुवर्षं टिकवणं सोपं नाही. काचेच्या धाग्याचं पण तेच दुखणं, म्हणून सिमेंटसाठी झिर्कोनियावाली वेगळी काच वापरतात. आपला दगड खडी म्हणून उत्तम आहे, सध्या तेवढं पुरे. तुमचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहणार आहे.

जालना_रोड
मला एक खटकतंय. फायबर टाकलं की सळई कमी केली तरी चालतं असं बरेच काँट्रॅक्टर सांगायलेत, माझ्या भावाच्या घराच्या कॉलम-बीममध्ये सळयांभोवतीच्या रिंगा लांब लांब मारल्या आणि म्हणले फायबर आहे ना. वर ते फायबर प्लॅस्टिकचं होतं, केसासारखं.

सिव्हिल_लातूर
हे चूक आहे आणि धोक्याचं आहे. ते पॉलीप्रॉपिलीनचं बारीक फायबर घनमीटरला किलोभर सुद्धा टाकत नाहीत, त्याचं काम ओलं काँक्रीट वाळताना पडणाऱ्या केसचिरा थांबवणं, भार घेणं नाही. घराच्या स्लॅबला, बीमला सळईच्या बदल्यात फायबर धरू नका, स्टीलचं असलं तरी. सळई हाडं आहेत, फायबर कातडं. जवळच्या रिंगा हाच भूकंपात कॉलमचा जीव असतो, त्यांची टोकं १३५ अंशात आत वाकवलेली पाहिजेत, आयएस १३९२० हेच सांगतं. भावाचं काम एखाद्या इंजिनिअरला प्रत्यक्ष दाखवा, लवकर.

वसमतकडचा
मंडळी, दोन महिन्यांनी अपडेट. पॅनेलवाल्याला नाही म्हणलो. धाब्यावरची माती उतरवली, ट्रॉलीवर ट्रॉली भरत गेली, खालच्या तुळया बघितल्या तर दोन आतून वाळवीनं खाल्लेल्या निघाल्या, वरून काहीच कळत नव्हतं. भिंतीला डमरूसारखी भोकं पाडून सळया बसवल्या, पहिल्या दगडाला गवंड्यानं पहार उचलली होती, मी तेरणाकाठ दादाची पोस्ट मोबाईलवर वाचून दाखवली, मग त्यानं एकेक सळईनं उकरून काढलं. देवघराच्या भिंतीत खरंच दोन पदर वेगळे झाले होते, मधून हात जात होता.

परसात जुन्या घरापासून पंधरा फूट सोडून नवीन खोलीचा पाया मुरमाला टेकवलाय, जोत्याचा पट्टा भरून झालाय. स्लॅबला सरांनी सांगितल्याप्रमाणं खाली सळई पूर्ण आणि शिवाय काँक्रीटमध्ये स्टील फायबर घनमीटरला ३० किलो धरलंय, पण आमच्या गावात ते मिक्स कुणी केलेलं नाही. ताई, मूठमूठ टाकायचं म्हणलात ते पाणी टाकायच्या आधी का नंतर? आणि काका, स्लॅब दिवाळीनंतर पहिल्या आठवड्यात भरायचाय, तुम्ही यायला मोकळे आहात का? राहायची सोय घरी होईल, आजीनं विचारायला सांगितलंय.

थापी_ओळंबा
येतो. पोती आधीपासून जमवून ठेवा, पन्नासएक लागतील. हातमोजे सगळ्यांना जाड घ्या, ते फायबर टोचतं. आणि स्लॅबवर अनवाणी कुणाला चढू देऊ नका, पोरांना तर अजिबात नाही.

एम_टेक_नांदेड
खडी-वाळू-सिमेंट आणि निम्मं पाणी गेल्यावर, ड्रम फिरता असताना. शेवटची मूठ पडली की अजून तीन-चार मिनिटं फिरू द्या. ओतायच्या आधी एक घमेलं बाजूला काढून हातानं उलगडून बघा, गोळा दिसला तर ते घमेलं स्लॅबवर जाऊ देऊ नका. तारीख कळवा, रविवार असेल तर मी पण येते, काँक्रीटची ताकद तपासायच्या क्यूबचे साचे घेऊन.